शी कशाची

“नुसतं ‘शी’ म्हणून उठू नकोस. शी कशाची, ते लिही.”

सबनीसबाईंचा आवाज घोगरा होता. तपकिरीने झाला असावा. बाई तपकीर ओढत. ओढून झाली की डाव्या हातातला रुमाल नाकाशी नेत आणि मग तो तसाच टेबलावर, आमच्या कागदांच्या शेजारी ठेवून देत. मूळचा पांढरा असावा. पहिल्या दिवसापासून मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचे.

साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. हे कारखान्यात केमिस्ट होते. त्या पावसाळ्यात महिला मंडळाने लेखनाचा वर्ग काढला आणि तालुक्याहून दर बुधवारी एस.टी.ने सबनीसबाई यायला लागल्या. त्यांच्या नावावर दोन कथासंग्रह होते. आमच्यापैकी एकीनेही वाचले नव्हते. गाळप बंद होतं, पण मागच्या तळ्यात साठलेल्या मळीचा वास बंद नव्हता. पाऊस उघडला की तो कॉलनीभर पसरायचा, गूळ आंबून त्यात काहीतरी मेल्यासारखा. हॉलच्या खिडक्या लावल्या तर गुदमरायला व्हायचं, उघडल्या तर माशा.

पहिल्या खेपेला मी देवघरावर लिहून नेलं होतं. मंगलमय वातावरण, प्रसन्न मुद्रा, मंद तेवणारी समई. बाईंनी वाचून कागद परत सरकवला.

“तुझ्या समईला काजळी धरत नाही का गं?”

“धरते ना.”

“तेल ओघळतं?”

“ओघळतं. मी रोज घासते.”

“मग ते कुठाय यात? हे देवघर तुझं नाही. कॅलेंडरवरचं आहे.” बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत. “जी वस्तू रोज हाताळतेस पण बघत नाहीस, अशी एक सांग. आवडती नको. जिच्याकडे बघताना तोंड फिरवतेस, ती.”

मी मुळात हळू बोलते. माझं बोलणं लोकांना परत विचारावं लागतं. बाईंनीही परत विचारलं तेव्हा म्हटलं, “सासऱ्यांची पिकदाणी.”

“शी!” माझ्या शेजारची नलूताई शिरगुप्पे म्हणाली.

“शीच आहे,” मी म्हटलं आणि कागद गोळा करायला लागले. तेव्हा बाई ते बोलल्या. शी कशाची, ते लिही.

घरी येताना वाटेत मी ठरवून टाकलं. चातुर्मास सुरू होता. कांदा, लसूण, वांगं मी दर वर्षी सोडते. पहाटे स्नान, तुळशीला प्रदक्षिणा, उंबऱ्याशी गोपद्मं, संध्याकाळी पोथी ऐकल्याशिवाय जेवण नाही, हे सगळं मला कधी जड गेलं नाही. त्यात आणखी एक घातलं. कार्तिकी एकादशीपर्यंत ‘शी’ हा शब्द वर्ज्य.

“शी सोडलीस?” हे जेवता जेवता म्हणाले. “मग माझ्या मोज्यांना काय म्हणणार?”

“काही नाही. उचलून भिजत टाकीन.”

“म्हणजे फायदा माझाच.”

पलीकडे बसलेले आप्पा, माझे सासरे, तोंड मिटूनच हसले. ते हल्ली असेच हसायचे. भात कालवून अगदी मऊ करून, हळूहळू गिळायचे. वयाने असेल म्हणून मी तिकडे फार बघत नसे. खाणाऱ्या तोंडाकडे बघू नये असं मला लहानपणापासून शिकवलेलं आहे.

आप्पांचं पान सगळ्या घराला माहीत होतं. टपाल खात्यातली सगळी नोकरी त्यांनी गालात विडा ठेवून केली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले ते एक ट्रंक, एक पानाचा डबा आणि ती पितळी पिकदाणी घेऊन. ती रोज सकाळी मी ओतायची. पदराने नाक धरायचं, मान भिंतीकडे वळवायची, मोरीत उपडी करायची, वरून बादली ओतायची, घासून धुवून, तळाला स्वच्छ पाणी घालून परत खाटेखाली सरकवायची. इतक्या वर्षांत तिच्या आत काय असतं ते मी पाहिलं नव्हतं. लाल असतं एवढं माहीत होतं.

आणि त्या आषाढी एकादशीला आप्पांनी देवासमोर हात जोडले आणि म्हणाले, “सूनबाई, चातुर्मासात पान सोडलं.”

मला काय आनंद झाला ते सांगता येणार नाही. देवळात मी स्वतःहून सांगितलं, मी, जी कुणाला चपला कुठे काढल्या हेही मोठ्याने विचारत नाही. आमच्याकडे संध्याकाळी आप्पा पोथी वाचायचे. बाहेरच्या खोलीत पाट मांडायचा, चौरंगावर पोथी, कॉलनीतल्या बायका सतरंजीवर. त्या वर्षी विडा नसलेल्या तोंडाने पोथी वाचली जाईल, या विचाराने मला भरून आलं होतं.

श्रावणात पिकदाणी परत लाल व्हायला लागली.

आधी मला वाटलं, चुकून. मग रोजच. पानाचा डबा कपाटात तसाच होता, त्यातला चुना सुकून खडू झालेला. म्हणजे बाहेरून आणून, चोरून. मला अशी किळस आली की हातातली पिकदाणी मोरीत आपटली. थुंकीची नव्हे. थुंकी काय, ती मी कितीतरी वर्षं उपसत होते. देवासमोर हात जोडून शब्द द्यायचा आणि कोपऱ्यात बसून चघळायचं, आणि त्याच तोंडाने संध्याकाळी पोथी.

यांनी एकदा सरळच विचारलं. “काय आप्पा, देवाला फसवताय की सुनेला?”

आप्पांनी खाली बघितलं. “घसरतो रे माणूस,” म्हणाले.

“बघ, कबूल आहे,” हे मला म्हणाले. त्यांना त्याची गंमत होती.

“त्यांना सांगा, पोथी नका वाचू,” मी आत येऊन म्हटलं.

“तूच सांग. तुझे नेम, तुझी पोथी.”

मी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मी पाट मांडला नाही, एवढंच. आप्पा हातपाय धुवून, धोतर नेसून बाहेरच्या खोलीत आले. सतरंजी नाही, चौरंग नाही. थोडा वेळ उभे राहिले. मग भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले. बायकांना मी दारातूनच परत पाठवलं. का, ते नलूताईने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं.

लिहायचं ते मी दुसऱ्या दिवशी लिहिलं. सकाळी पिकदाणी मोरीत नेली, पदर सोडला आणि मान वळवली नाही. डोळे आपोआप मिटले. पुन्हा बघितलं. तळाला मी आदल्या दिवशी घातलेलं पाणी होतं, त्यावर साबणाच्या फेसासारखी थुंकी, तिच्यात माशी अडकून पाय हलवत होती. थुंकीला लाल धागे होते. ते खाली पाण्यात लोंबत होते. कडेला एक गोळा चिकटला होता, जांभळट. मी तो बघितला, भडभडून ओकले आणि तोंड धुवून कागद घेऊन बसले.

बुधवारी वर्गात वाचलं. माझा आवाज त्या दिवशी कुणाला परत विचारावा लागला नाही. पिकदाणी लिहिली, माशी लिहिली, लाल धागे लिहिले, आणि मग लिहिलं, की व्रताचं पावित्र्य पायदळी तुडवून वृद्धापकाळीही जिभेचे चोचले पुरवणाऱ्या वासनेचा तो ओंगळ, ओशट, रक्तवर्णी अवशेष होता. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं.

“अगंबाई,” नलूताई म्हणाली, “म्हणजे खरंच खातात? तरीच पोथी बंद. देवळात तर तुम्ही...”

“नलू, गप्प,” सबनीसबाई म्हणाल्या. त्यांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट घेतली आणि ती तशीच बोटांत धरून विचारात पडल्या. “वैजयंती, शेवटचं वाक्य काढून टाक. ते रागावून लिहिलंयस. रागावलं की माणूस बघायचं थांबवतं.”

“पण ते खरं आहे, बाई.”

“तुझ्या लिखाणात दोनच गोष्टी खऱ्या आहेत. माशी आणि धागे. धागे कसले गं?”

“लाल.”

“ते वाचलंस. कसले?”

“पानाचे असतील.”

“असतील म्हणजे? पानाची पिंक कशी असते, सांग.”

मला सांगता येईना. मुलगी म्हणून, सून म्हणून आयुष्यभर तेच धुतलं होतं. माझे वडीलही पान खायचे.

“बघितली नसशील तर खाणाऱ्याला विचार,” बाई म्हणाल्या आणि ती चिमूट नाकात कोंबली. मी दुसरीकडे बघितलं.

संध्याकाळी पाऊस नव्हता. मळीचा वास घरभर होता, उदबत्तीलाही हटत नव्हता. आप्पा मागच्या खोलीत खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून. पोथी बंद झाल्यापासून ते संध्याकाळचे असेच बसायचे. मी स्टूल ओढून समोर बसले. आमच्यात बोलणं नव्हतं, म्हणून त्यांनी जरा चमकून बघितलं.

“आप्पा, एक विचारू? वर्गात लिहायला दिलंय.”

“विचार की.”

“पानाची पिंक कशी असते?”

मी चिडवतेय का, हे त्यांनी आधी माझ्या चेहऱ्यावर बघून घेतलं. मग एखाद्याला त्याच्या गावाबद्दल विचारावं तसे त्यांचे डोळे झाले.

“अगं, पिंक म्हणजे काय एक असते?” जीभ जड झाल्यासारखे ते बोलत होते, मधूनमधून ओठ पुसत. “पहिली टाकायचीच. ती पातळ, हिरवट. पान अजून कच्चं असतं तोंडात. दुसरी नारिंगी. मग कात आणि चुना एकमेकांना ओळखतात, तेव्हा खरा रंग चढतो. लोक लाल म्हणतात. लाल नसतो तो. विटकरी. कौल पावसात भिजतं ना, तसा.”

“धागे असतात?”

“धागे कुठले? पानाच्या शिरा असतात, बारीक बारीक, तरंगतात. आणि सुपारीचा चुरा. तो तळाला बसतो, भुशासारखा. आणि पाण्यात पडली ना, की सगळं पाणी रंगवून टाकते. एक थेंब पडू दे, पाणी पांढरं राहायचं नाही. आणि वास! तुम्ही बायका नाक धरता म्हणून तुम्हाला कळत नाही. लवंगेचा वास येतो गं पिंकेला. थांब, दाखवतो...”

सवयीने ते वाकले आणि खाटेखालची पिकदाणी पुढे ओढली. मीही वाकले. आमची डोकी एकमेकांना लागायची राहिली.

पाणी पांढरं होतं. सकाळी मी घातलं होतं तसं. तळ दिसत होता, पितळेवर मी चिंचेने काढलेली चकाकीसुद्धा. चुरा नव्हता, शिरा नव्हत्या. फेसाखाली लाल धागे लोंबत होते. वास आला तो लवंगेचा नव्हता.

आप्पा थांबले. “हं,” म्हणाले.

मग दुधावर मांजर येऊ नये म्हणून हात ठेवावा तसा त्यांनी पिकदाणीवर पंजा ठेवला.

बाहेर कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली.

“तोंड उघडा, आप्पा.”

“नको. शी म्हणशील.”

“ते मी सोडलंय. चातुर्मासापुरतं.”

त्यावर त्यांना हसू फुटलं, खरं हसू, आणि हसताना तोंड उघडलं. मी त्यांची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. सासऱ्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. जिभेच्या डाव्या कडेला खाली खड्डा होता, कडा पांढऱ्या, उसवलेल्या, मध्ये कच्चं मांस, त्यातून पाझरत होतं. वास असा, की मळीचा वास मला त्यापुढे बरा वाटला. माझं तोंड आंबट पाण्याने भरलं, ते मी गिळलं. पदर नाकाशी नेला नाही. मी बघितलं.

“कधीपासून?”

“वैशाखात पान झोंबायला लागलं.”

“म्हणून सोडलंत? मग तो नेम...”

“नेम कसला, सूनबाई. या घरात पान का सोडलं म्हणून तू दहा वेळा विचारलं असतंस. नेम म्हटलं की का म्हणून कुणी विचारत नाही.”

“आणि चोरून खाता असं म्हटलं तेव्हा?”

“तेव्हा म्हटलं, बरंच झालं. आता लाल दिसलं तरी कुणी बघायचं नाही. ओंगळ म्हातारा म्हणाल, पण मिरजेला इस्पितळात नेणार नाही. तुझ्या सासूला नेलं होतं. नाकात नळी घातलेलं माणूस मी शेवटपर्यंत बघितलंय.” त्यांनी पिकदाणीवरचा हात काढला, धोतराला पुसला. “मला चोर म्हणालात त्याचं काही नाही. पाट नव्हता त्या दिवशी, ते मात्र लागलं.”

मी उठले. बाहेरच्या खोलीत पाट मांडला, सतरंजी घातली, चौरंगावर पोथी ठेवली आणि त्यांना हात धरून आणलं. ते कसंबसं एक पान वाचू शकले. अर्धे शब्द लाळेत विरत होते. ऐकायला मी एकटी. कुंपणापलीकडून नलूताईचा आवाज आला, “सुरू झाली वाटतं पोथी? सोडलं का मग पान?”

“त्यांनी खाल्लंच नव्हतं,” मी म्हटलं.

हे आतून बाहेर आले, इतक्या मोठ्याने मी बोलले होते.

पोथी झाकताना मी आप्पांना म्हटलं, “उद्या डॉक्टरकडे जायचं.”

“नाही.”

“आप्पा.”

त्यांनी पोथीचा रुमाल सावकाश बांधला, गाठ मारली. “एका अटीवर येतो. कार्तिकी द्वादशीला मला एक विडा आणून द्यायचास. घरी लावलेला नको, तुला जमणार नाही. स्टँडसमोर इक्बालची टपरी आहे, तिथला. आणि तू स्वतः जायचंस. हा नको. हा हो म्हणतो आणि विसरतो.”

“तुम्हाला खाता येईल का?”

“नाही आलं तर हुंगीन. नेम खोटा धरला होता, उद्यापन तरी खरं होऊ दे.”

ज्या दुकानांसमोरून जाताना मी रस्ता ओलांडते, त्यातलं ते एक. भिंत खालपासून माणसाच्या कमरेपर्यंत रंगलेली. मी म्हटलं, “आणीन.”

“पान पिवळं माग, पिकलेलं. कात पातळ. सुपारी चिकणी. चुना एवढाच.” त्यांनी करंगळीचं नख पुढे केलं. “आणि त्याच्यासमोर नाकाला पदर लावून उभी राहू नकोस. त्याला वाईट वाटतं.”

पुढचं सगळं आप्पांना भीती होती तसंच झालं. मिरज, तपासण्या, ऑपरेशन. अर्धी जीभ आणि जबड्याचा तुकडा गेला. नाकात नळी आली. हे कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नळी धुवायची, जखमेची पट्टी बदलायची, ते मी शिकून घेतलं. सोसवत नव्हतंच. किळस कमी होते असं लोक म्हणतात. माझी झाली नाही. मी फक्त मान वळवायची सोडली.

दिवाळीच्या आधी वर्गाचा शेवटचा बुधवार होता. सबनीसबाईंनी विचारलं, “धागे बघितलेस?”

“बघितले.”

“लिहिलंस?”

“लिहिलंय. वाचणार नाही, बाई.”

त्यांनी मान हलवली. मी दुसऱ्या टोकाला जायला निघाले, तर बाईंनी टेबलावरचा तो रुमाल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. मी तिथे बसले.

कार्तिकी द्वादशीला कारखाना सुरू झालेला होता. उकळत्या रसाचा वास आणि चिमणीतून गळणारी काजळी. अंगणात मी घातलेल्या रांगोळीवर, तुळशीच्या पानांवर काळे कण पडत होते. मी पूजा उरकली, तुळशीला पाणी घातलं, पारण्याचा नैवेद्य दाखवला. आप्पांना नळीतून पेज दिली. मग लुगडं बदलून चपला शोधायला लागले.

“कुठे निघालीस?” यांनी विचारलं.

“स्टँडसमोर. टपरीवर.”

“तू?” हे उठलेच. “अगं, तोंडाने काही द्यायचं नाही म्हणून डॉक्टरांनी...”

“देणार नाही. हुंगतील.”

“मग थांब, मी आणतो स्कूटरवरून.”

“नको. माझं आहे ते.”

खाटेवरून आप्पा बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि करंगळीचं नख दाखवलं.

“एवढाच. आहे लक्षात,” मी म्हटलं.

फाटकाशी जाऊन मी पदर पाठीवरून पुढे घेतला, ओढून कमरेला घट्ट खोचला, नाकापर्यंत पोचणार नाही असा, आणि रस्त्याला लागले.